मेघांच्या बेटावरील आमचें बिऱ्हाड

परदेशीं जाऊन आलेल्या मनुष्यानें काय सांगावें, याविषयीं आपल्या घरांत एक ठराविक अपेक्षा असते. किती मजली इमारती पाहिल्या, किती वेगाच्या गाडींतून गेलों, हॉटेलाचें एका दिवसाचें भाडें ऐकून छातींत धडकी कशी भरली, या गोष्टी ऐकण्यास मंडळी उत्सुक असतात. प्रस्तुत लेखांत तसें कांहींच सांगावयाचें नाहीं. कॅरिबियन समुद्रांतील एका चिमुकल्या बेटावर, पाण्याच्या अगदीं कांठाशीं असलेल्या एका साध्या हॉटेलांत आम्ही अकरा दिवस राहिलों. तेथें खोलींत थंड हवेचें यंत्र नव्हतें, दूरचित्रवाणी नव्हती, आणि स्नानाला पाणी मोजून वापरावें लागे. तरीहि आमच्या घरीं त्या अकरा दिवसांची आठवण निघाली नाहीं असा आठवडा जात नाहीं. असें कां व्हावें, याचा विचार करतां ज्या गोष्टी ध्यानांत आल्या, त्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त बार्बाडोस येथें असतात. 2025 सालच्या फेब्रुवारींत आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों, व आग्रह करून आमच्या मातोश्रींनाहि बरोबर नेलें. मातोश्रींचें वय एकोणऐंशी. जन्म रत्नागिरी जिल्ह्यांतील समुद्रकांठच्या एका खेड्यांत; संसार मात्र सारा पुण्यास झालेला. बार्बाडोसची गजबज दोन आठवडे पाहिल्यावर त्या एके दिवशीं सहज म्हणाल्या, "समुद्र एवढा जवळ आहे, पण त्याच्या शेजारीं निवांत बसायला कुठें मिळेल का रे?" एवढ्यावरून चिरंजीवांनीं चौकशी केली आणि आम्हां तिघांची रवानगी बेक्वे बेटावर करून दिली.

इंग्रजी अक्षरांवरून या बेटाचें नांव आपण 'बेक्विया' असें वाचूं; परंतु तेथील लोक 'बेक्वे' असाच उच्चार करतात. सेंट व्हिन्सेंट अँड दि ग्रेनेडिन्स हें तीसांहून अधिक लहानमोठ्या बेटांचें राष्ट्र 27 ऑक्टोबर 1979 रोजीं इंग्रजी सत्तेखालून स्वतंत्र झालें. सेंट व्हिन्सेंट हें त्यांतील मुख्य बेट. त्याच्या दक्षिणेस सुमारे नऊ मैलांवर बेक्वे. क्षेत्रफळ अवघें सात चौरस मैल व वस्ती पांच हजारांच्या आसपास. अक्षांश तेरा, म्हणजे आपल्या चेन्नईचा व मंगळूरचाच. त्यामुळें नारळ, आंबा, चिंच, पेरू, पपई हीं झाडें पाहून परदेशीं आल्याचा भास निम्मा नाहींसा होतो. मूळच्या कॅरिब रहिवाशांच्या भाषेंत या नांवाचा अर्थ 'मेघांचें बेट' असा होता, असें सांगतात. परंतु या मेघांच्या बेटावर एकहि नदी नाहीं, एकहि वाहता ओढा नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण आमच्या हॉटेलाची सारी रीतभात या एका उणिवेभोंवतीं उभी होती.

बार्बाडोसहून लहान विमानानें पाऊण तासाच्या आंत सेंट व्हिन्सेंट येतें. तेथील आर्गाइलचा मोठा विमानतळ 2017 सालीं सुरू झाला. तेथून मोटारीनें किंग्स्टाउन या राजधानीस जावयाचें, व धक्क्यावरून फेरीबोट पकडावयाची. बोटीला अवकाश होता म्हणून आम्ही 1765 सालीं स्थापन झालेलें तेथील वनस्पति-उद्यान पाहून घेतलें. कॅप्टन ब्लाय या आरमारी अधिकाऱ्यानें 1793 सालीं ताहितीहून निरफणसाचीं रोपें जहाजांत घालून येथें आणलीं. मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांस स्वस्तांत पोटभर अन्न मिळावें, हा त्यांतील हेतु. कोंकणांत ज्याचे काप आपण आवडीनें करतों, त्या फळाच्या इतिहासांत हें एक दुःखाचें पान आहे, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

आपल्या देशाचाहि या बेटांशीं जुना ऋणानुबंध आहे, आणि तोहि सुखाचा नव्हे. 1834 सालीं गुलामगिरी कायद्यानें रद्द झाल्यावर मळेवाल्यांना मजूर मिळेनात. तेव्हां 1 जून 1861 रोजीं 'त्रावणकोर' नांवाचें जहाज मद्रासेकडील करारबद्ध मजुरांना घेऊन सेंट व्हिन्सेंटला लागलें. 1880 पर्यंत अशीं सुमारे अडीच हजार माणसें आलीं. त्यांची भाषा मागें पडली, परंतु 1 जून हा भारतीय आगमन दिन म्हणून तेथें आजहि पाळतात. बाजारांत आमच्या मातोश्रींचें नऊवारी पाहून एक वृद्ध गृहस्थ हातांतली टोपलीं खालीं ठेवून उभे राहिले. "माझी पणजी अशीच नेसत असेल," एवढेंच ते म्हणाले, व आम्हांस नमस्कार करून गेले.

फेरीबोटीचा प्रवास एक तासाचा. दोन बेटांमधील समुद्र बराच उसळतो, आणि सौ.ना थोडा त्रास झाला. परंतु बेक्वेचें टोंक ओलांडून बोट अ‍ॅडमिरल्टी बे या अर्धवर्तुळाकार बंदरांत शिरली, आणि कोणीं तरी हात फिरवून पाणी शांत करावें तसें झालें. याचें कारण सोपें आहे. या भागांत वारा जवळ जवळ बारा महिने पूर्वेकडून वाहतो. बंदर बेटाच्या पश्चिमेस असल्यानें मधल्या टेंकड्या लाटा अडवितात, वारा मात्र वरून येऊं देतात. शिडाच्या नौका येथें शेंकड्यांनीं नांगर टाकून असतात, त्या यामुळेंच.

धक्क्यापासून आमचें हॉटेल चालत दहा मिनिटांच्या अंतरावर. तेथें जावयास मोटारीचा रस्ता नाहीं, तर पाण्याच्या कडेनें गेलेली एक अरुंद फरसबंदीची वाट आहे. एका बाजूस घरांचीं फाटकें, दुसऱ्या बाजूस हातभर खालीं समुद्र. मातोश्रींना प्रथम काळजी वाटली कीं, भरती आली म्हणजे घरांत पाणी शिरत असेल. आपल्या कोंकणपट्टीवर भरती-ओहोटींत पुरुषभर उंचीचा फरक पडतो, त्या मानानें त्यांची शंका योग्यच होती. परंतु या समुद्राची भरती अवघी एक-दोन फुटांची असते. म्हणून येथें माणसें समुद्राच्या इतक्या निकट घर बांधूं शकतात, कीं रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या लहानशी लाट पायरीला लागून परत गेल्याचें ऐकूं येतें.

घर जुनें, दुमजली. खालीं दगडी भिंती व वर लांकडी. एकंदर आठ खोल्या. वरच्या मजल्याला रुंद सज्जा व लांकडी झडपांच्या खिडक्या. खोलींत दोन पलंग, मच्छरदाण्या, एक मेज, दोन खुर्च्या, भिंतीला खुंट्या, आणि छताला एक पंखा. झडपा उघड्या ठेवल्या कीं टेंकडीवरून आलेला वारा खोलींतून सरळ समुद्राकडे निघून जाई. पंख्याची आठवण आम्हांस दोन-तीनदांच झाली. अंगणांत देशी बदामाचीं दोन प्रचंड झाडें होतीं. त्यांच्या सावलींत बांकें मांडलेलीं. सारें कसें धुतल्यासारखें स्वच्छ. परंतु दाखविण्याकरितां म्हणून ठेवलेली एकहि वस्तु नाहीं.

मालकीणबाई साठीच्या पुढच्या. घर त्यांच्या आजोबांचें. त्यांची नव्वदी ओलांडलेली आई, एक विधवा बहीण, भाचा व त्याची बायको असा सारा गोतावळा मागच्या बाजूस राहतो, आणि हॉटेलाचें काम तीच माणसें वांटून घेतात. पगारी नोकर म्हणून एक मुलगी. तीहि शेजारच्याच आळींतली. आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसांस या घराची मांडणी समजावून घ्यावी लागली नाहीं. स्वयंपाकघरांतून बहिणीबहिणींचा लटका वाद ऐकूं आला, कीं सौ. आमच्याकडे पाहून हंसत.

पहिल्याच दिवशीं बाईंनीं आम्हांस न्हाणीघर दाखविलें, व म्हणाल्या, "आपण पाहुणे आहां, म्हणून आपल्याला नियम सांगणें बरें नव्हे. पण पाण्याची गोष्ट मला सांगितलीच पाहिजे." या घराच्या तळाशीं दगडी बांधणीचा मोठा हौद आहे. छपरावर पडणारा पाऊस पन्हळींतून त्यांत उतरतो, आणि तेंच वर्षाचें पाणी. साधारणतः जून ते नोव्हेंबर पाऊस. जानेवारीपासून मेपर्यंत कोरडे दिवस. बेटावरील बहुतेक घरांची हीच व्यवस्था. म्हणून घर बांधतांना प्रथम हौद खणतात, मग भिंती उभारतात. छप्पर हें त्यांचें शेत. तें झाडून, धुवून, रंगवून ठेवणें ही घराची पहिली जबाबदारी. बाईंचा भाचा रोज सकाळीं एक लांब काठी हौदांत सोडून पाणी पाही, आणि खडूनें दारामागें आंकडा लिही.

मातोश्रींनीं हें सर्व आमच्याकडून समजावून घेतलें आणि म्हणाल्या, "यांत नवें काय? आमच्याकडे वैशाखांत विहीर तळाला गेली कीं आजी प्रत्येकाला एकच तांब्या द्यायची." त्या दिवसापासून त्यांनीं आमच्या पाण्याचा कारभार आपल्याकडे घेतला. तोंड धुतलेलें पाणी बादलींत धरून अंगणांतल्या जास्वंदीला घालूं लागल्या. तिसऱ्या दिवशीं बाईंच्या वृद्ध मातेनें हें पाहिलें. ती बांकावरून उठून आली, मातोश्रींचा हात धरला, आणि आपल्या शेजारीं नेऊन बसविलें. तेव्हांपासून रोज सायंकाळीं या दोघी वृद्धा बदामाखालीं बसत. एक इंग्रजीच्या तेथल्या बोलींत बोले, दुसरी मराठींत. काय बोलणें होई, तें परमेश्वर जाणे. परंतु दोघींपैकीं कोणीहि दुसरीला 'समजलें नाहीं' असें म्हटल्याचें आम्ही ऐकलें नाहीं.

आतां जेवणाची गोष्ट, कारण भगिनीवर्ग याविषयीं विचारील. आमची मंडळी शाकाहारी, बेट मासेमाऱ्यांचें. मनांत धाकधूक होती. परंतु स्वयंपाकघरांत पाऊल टाकतांच सौ.ना तेथें अळूच्या पानांची जुडी दिसली! या पानांचें दाट सार तेथें फार होतें. त्याला 'कॅलालू' म्हणतात. एरव्हीं त्यांत खेंकडा किंवा खारें मांस घालतात, आमच्यासाठीं तें वगळून नारळाच्या दुधांत शिजविलें. त्यांत थोडी चिंच व गूळ असता तर आपलें फदफदें म्हणून खपलें असतें. तुरीचे ओले दाणे घालून केलेला नारळाचा भात, निखाऱ्यांवर सबंध भाजून सोललेला निरफणस, पिकलेल्या मोठ्या केळ्यांचे काप, रताळीं व अळकुड्या असा पांचसहा दिवसांचा फेरा असे. सौ.नीं एकदां त्या निरफणसाला मोहरी-मिरचीची फोडणी दिली. ती बाईंच्या घरांत इतकी आवडली, कीं निघतांना आमच्याजवळची मोहरीची पुडी तेथेंच ठेवावी लागली. आणखी एक मौज. आपल्याकडे आजाऱ्याला व उपासाला जें आरारूट लागतें, तें एके काळीं जगाला मुख्यतः सेंट व्हिन्सेंटच पुरवीत असे. लहानपणीं तापांतून उठतांना जी लापशी आपण खाल्ली, तिचें माहेर आम्हांस असें अवचित भेटलें.

दिवसाचा क्रम सांगण्यासारखा नाहीं, हेंच त्याचें वैशिष्ट्य. पहांटे कोंबडे आरवत. मग पहिल्या फेरीबोटीचा भोंगा. सकाळीं पाण्याच्या कडेच्या वाटेनें शाळेचीं मुलें जात, आणि प्रत्येक मूल न चुकतां 'गुड मॉर्निंग' म्हणे. या बेटांवर अभिवादन केल्यावांचून बोलण्यास आरंभ करणें हा मोठा उद्धटपणा समजतात. दुकानांत शिरून एकदम 'भाव काय?' असें विचारणाऱ्यास उत्तर मिळतें, पण थंड मिळतें. प्रथम नमस्कार, मग विचारपूस, मग व्यवहार. पाणकोळी पक्षी बंदरांत सूर मारून मासे टिपीत, तें पाहतां पाहतां आमचे दोन तास सहज जात. वाट पुढें एका टेंकडीच्या पायथ्यानें प्रिन्सेस मार्गारेट पुळणीवर जाते. 1958 सालीं ही राजकन्या तेथें पोहावयास उतरली, म्हणून तिचें नांव. पुळणीवर जाणाऱ्यांनीं एक सावधगिरी मात्र घ्यावी. मँचिनील नांवाचें हिरव्या सफरचंदासारख्या फळांचें झाड समुद्रकांठीं उगवतें. त्याचा चीक अंगाला लागला तर फोड येतात, आणि फळ तर विषच. पावसांत त्याच्या खालीं उभें राहणेंहि धोक्याचें. रात्रीं झाडांतून एक जातीचे चिमुकले बेडूक शीळ घालीत. पहिल्या रात्रीं तो आवाज पक्ष्यांचा वाटला होता.

बेक्वेचे लोक मूळचे दर्यावर्दी. लांकडी नौका बांधण्यांत त्यांचा हात धरणारा त्या समुद्रांत क्वचितच. 1939 सालीं येथील किनाऱ्यावर 'ग्लोरिया कोलिता' नांवाचें मोठें शिडाचें गलबत बांधून पाण्यांत लोटलें. पुढच्याच वर्षीं तें मेक्सिकोच्या आखातांत रिकामें तरंगतांना आढळलें. कप्तान रेजिनाल्ड मिचेल व त्यांचे खलाशी यांचा ठाव कधींच लागला नाहीं. आज मोठीं गलबतें कोणी बांधीत नाहीं. परंतु लांकडाच्या हातभर लांबीच्या हुबेहुब नौका कोरणारे कारागीर वाटेवरच्या झोंपडींत बसलेले दिसतात. शिडाच्या उघड्या होड्यांतून जाऊन हातानें भाला फेंकून देवमासा मारण्याची चालहि येथें 1870 च्या सुमारास अमेरिकन जहाजांवर काम करून आलेल्या विल्यम वॉलेस यांनीं आणली. आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगानें या देशास वर्षाला सरासरी चार देवमाशांची मुभा ठेवली आहे. ही शिकार आमच्या मनास रुचण्यासारखी नाहीं, आणि बेटावरहि याविषयीं दोन तट आहेत. बाईंचा भाचा तिच्या विरुद्ध, त्यांची आई मात्र म्हणाली, "दुष्काळांत त्याच मांसावर आम्ही पांच भावंडें जगलों." यावर आम्ही कांहीं बोललों नाहीं.

वर ज्या कप्तानाचा उल्लेख केला, त्यांचे पुत्र जेम्स मिचेल पुढें या देशाचे राज्यकर्ते झाले. 1984 पासून 2000 पर्यंत ते पंतप्रधान होते. त्यांच्या घराण्याचें समुद्रकांठचें घर आज हॉटेल आहे, आणि तें याच वाटेवर लागतें. 1972 सालीं, देश अद्याप इंग्रजांच्या छायेखालीं असतांना, मुख्य प्रधान या नात्यानें त्यांनीं प्रवासी-व्यवसायासंबंधीं एक भाषण केलें, तें त्या भागांत फार गाजलें. आपलीं बेटें म्हणजे परक्यांनीं चार दिवस उपभोगण्याचा स्वर्ग, ही कल्पना त्यांनीं झुगारून दिली. प्रवाशांचा पैसा हवा खरा, परंतु त्यासाठीं जमीन विकण्याची घाई नको, पाहुणा येईल त्यानें आमच्या पंक्तीचें अन्न गोड मानावें, अशी त्यांची भूमिका होती. स्वतः हॉटेल चालविणाऱ्या मनुष्यानें हें म्हणावें, यांत त्याचें वजन आहे.

एका सायंकाळीं बाईंशीं हाच विषय निघाला. त्यांना या जागेसाठीं वरचेवर मागण्या येतात. "शेवटची मागणी आली तेव्हां आंकडा ऐकून माझी बहीण रडली," त्या म्हणाल्या. "मुलें टोरोंटोला आहेत. तीं म्हणतात, वीक आणि आमच्याकडे ये. माझ्या मागें हौदांत काठी कोण घालणार, हें मलाहि ठाऊक नाहीं. पण पैसा घेतला, तर उद्यां याच पायरीवर बसायला मला कोणाची तरी परवानगी लागेल." मातोश्रींना हें आम्ही मराठींत सांगितलें. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. कारण आमच्याहि आजोळचें कोंकणांतलें घर गेलीं कांहीं वर्षें बंद आहे, त्यासाठींहि एका हॉटेलवाल्याची मागणी आलेली आहे, आणि मामे-मावसभावंडांत त्यावरून पत्रें फिरत आहेत. हक्काच्या कागदांवर सही मातोश्रींचीहि लागते.

निघण्याच्या आदल्या दिवशीं आम्ही मोटारीनें माउंट प्लेझंट टेंकडीवर गेलों. तेथून पूर्वेचा खुला समुद्र दिसतो, आणि त्यांत दोन बेटें. एक बालिसो, ओसाड. 1795 च्या मार्चांत शातोये हा शूर नायक पडला, आणि पुढें इंग्रजांनीं सेंट व्हिन्सेंटच्या कृष्णवर्णी कॅरिब लोकांना, ज्यांना आज गारिफुना म्हणतात, चार हजारांहून अधिक संख्येनें धरून या निर्जल बेटावर आणून टाकलें. कांहीं महिन्यांत त्यांतले सुमारे निम्मे रोगानें व हालानें मेले. उरलेल्यांना 1797 सालीं मध्य अमेरिकेकडे हांकलून दिलें. शातोये आज त्या देशाचा राष्ट्रवीर आहे. दुसरें बेट मस्टीक. तें 1958 सालीं कॉलिन टेनंट या इंग्रज उमरावानें पंचेचाळीस हजार पौंडांना सबंध विकत घेतलें; आज तेथें जगांतील धनिकांचे बंगले आहेत, आणि सारें बेट एका खाजगी कंपनीच्या कारभाराखालीं आहे. एका बेटावरून माणसें काढलीं, दुसरें बेट रकमेला गेलें. आणि आम्ही उभें होतों तें तिसरें, जेथें लोक अजून आपापल्या छपराखालीं राहून पाहुण्यांस पाणी मोजून देतात. तेथें उभें राहिल्यावर बाईंचें म्हणणें आम्हांस नीट उमगलें.

असें राहणें सोपें आहे असें मात्र कोणी समजूं नये. एप्रिल 2021 मध्यें सेंट व्हिन्सेंटवरील सूफ्रिएर ज्वालामुखीचा स्फोट झाला. राख बेक्वेपर्यंत आली. हौद नासूं नयेत म्हणून पन्हळी तोडून ठेवाव्या लागल्या, आणि तो काळ कोरडा! त्या आठवड्यांत आमच्या हॉटेलांत गिऱ्हाईक नव्हतें, मुख्य बेटावरून घरदार सोडून आलेलीं तीन कुटुंबें होतीं. बाईंनीं त्यांच्याकडून भाडें घेतलें नाहीं, हें आम्हांस त्या नोकर मुलीकडून कळलें. पुढें 1 जुलै 2024 रोजीं 'बेरिल' वादळ दक्षिणेकडील बेटांवरून गेलें. युनियन बेटावर बहुतेक घरांचीं छपरें उडालीं. बेक्वे त्या मानानें बचावलें. आमच्या सज्जाचे चार वासे नवे होते, त्यांचा रंग अद्याप जुन्याशीं जुळला नव्हता.

कोणा वाचकांस तेथें जाण्याची इच्छा झाल्यास फेब्रुवारी-मार्च हा काळ उत्तम. जूननंतर वादळांचें भय असतें. तेथील पूर्व कॅरिबियन डॉलर हें नाणें अमेरिकन डॉलरशीं 2.70 या दरानें बांधलेलें आहे. सामान थोडें न्यावें, कारण वाटेवर तें स्वतःच उचलावें लागतें. आणि शक्य तर घरांतील वडीलधाऱ्या माणसास बरोबर न्यावें. तरुण माणूस अशा ठिकाणीं दोन दिवसांत 'आतां पुढें काय?' असें विचारूं लागतो. ज्यांनीं तांब्यानें पाणी मोजलें आहे, तीं माणसें तेथें आपण होऊन घरचीं होतात, आणि त्यांच्या आधारानें आपलाहि शिरकाव होतो.

आमच्या आजोळच्या घराचा निर्णय अद्याप झालेला नाहीं. भावंडांचीं पत्रें चालूंच आहेत, आणि ज्यांना पैशाची खरी नड आहे त्यांचें म्हणणेंहि आम्हांस खोटें वाटत नाहीं. परंतु परत आल्यावर पहिल्याच पावसाच्या आधीं मातोश्रींनीं स्वतःच्या निवृत्तिवेतनांतून कांहीं रक्कम गांवीं पाठविली, आणि तेथल्या गड्याला निरोप दिला, कीं घराचीं कौलें चाळून घे, पन्हळी साफ कर, आणि मागच्या अंगणांतली जुनी टांकी उपसून धुवून ठेव.